लेप दिलेल्या गोळ्या आणि पावडर: आधी नळी बघा, मग खरेदी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डॅलसजवळ राहतात. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, त्यानंतर सीझेड शॅडो 2 हे 9 मिमीचं पिस्तूल घेतलं, त्यावर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी काच) बसवला आणि यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या कॅरी ऑप्टिक्स विभागात खेळायला लागले. महिन्याला हजारभर काडतुसं उडतात आणि दुकानातली परवडत नाहीत, म्हणून घरीच काडतुसं भरायला प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे एका दांड्यात अनेक पुंगळ्यांवर एकेक टप्पा करणारं यंत्र, आणला आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: लेप दिलेली, म्हणजे कोटेड गोळी 124 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) घ्यावी की 147 ची, टाइटग्रुप स्वस्त पडते, तीच पावडर घेतली तर चालेल का, आणि एच-1बी व्हिसावरचा मित्र शनिवारी मदतीला येणार आहे, त्याला आधी काय शिकवावं.

मित्राचं आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर त्याचं इथलं सगळं आयुष्य पणाला लागेल. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. आणि याच कायद्यात दारूगोळ्याची व्याख्या भरलेल्या काडतुसापुरती नाही, तिच्यात सुटी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच), प्रायमर (पावडर पेटवणारं टोपण), गोळी आणि पावडरही येते. म्हणजे तुमच्या गॅरेजमधला पावडरीचा डबासुद्धा. त्याच्याकडे परवाना नसेल तर शनिवारी त्याला प्रेसच्या बाकापाशी बसवू नका, आणि असला तरी आधी वकिलाला विचारू द्या. तुम्ही स्वतः, स्वतःच्या वापरासाठी भरताय, त्याला संघीय परवाना लागत नाही. पण क्लबातल्या कुणाला शंभर काडतुसं विकलीत, तर तो उत्पादनाचा धंदा समजला जाऊ शकतो आणि त्याला वेगळा परवाना लागतो. भारतात तर परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हाच आहे. त्यामुळे हे सगळं इथल्या मराठी माणसांसाठी लिहितोय, घरच्यांनी तिकडे करून बघायचं हे काम नाही.

आपल्याकडे नेमबाजीची परंपरा असूनही काडतूस भरायची ही कला कुणाला फारशी माहीत नाही, त्याचं हेही एक कारण. दुसरं कारण तांत्रिक आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते .22 च्या काडतुसावर. त्या काडतुसात प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, एकदा पिन आपटली की पुंगळी कामातून गेली. 9 मिमीत प्रायमर मधोमध, सुटा बसतो. तो काढून नवा बसवता येतो, म्हणून तीच पुंगळी पुन्हापुन्हा वापरता येते.

आता गोळी. कोटेड गोळी म्हणजे शिशाची ओतीव गोळी, वर पॉलिमरचा लेप. बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांचं मिश्रधातू बहुधा 92 टक्के शिसं, 6 टक्के अँटिमनी आणि 2 टक्के कथिल असं असतं. लेप ऑस्ट्रेलियातल्या हाय-टेक पद्धतीचा असेल तर पातळ थर देऊन भट्टीत सुमारे 200 अंश सेल्सियसला भाजतात, आणि असे दोन-तीन थर चढवतात. जुन्या शिशाच्या गोळीला मेणाचं वंगण लावायचे, त्याचा धूर डोळ्यासमोर पडदा धरायचा. लेपाने तो धूर बराच गेला, हाताला शिसं कमी लागायला लागलं, आणि नळीत शिसं चिकटणंही थांबलं. मात्र हे थांबतं ते लेप अखंड असेल तरच. पुढे मी जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं: गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत लेप फाटू द्यायचा नाही, करपू द्यायचा नाही.

लेप फाटतो तो बहुतेक वेळा आपल्याच बाकावर. मी चौदा वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा पहिल्या हजार गोळ्यांनी मला फार छळलं. पंधरा यार्डांवर कागदात गोल भोकांऐवजी लांबट चिरा पडायच्या. गोळी आडवी होऊन लागतेय हे उघड होतं. नळीत ब्रश घातला की शिशाच्या चकचकीत पापुद्र्या निघायच्या. मी गोळ्या बनवणाऱ्याला फोन करून तक्रार केली. त्याने शांतपणे एकच विचारलं, भरलेलं एक काडतूस खोलून पाहिलंत का? त्या रात्री हातोडीसारख्या पुलरने तीन गोळ्या बाहेर काढल्या. निळ्या लेपावर, पुंगळीच्या तोंडाच्या जागी, सुरीने कापल्यासारखं गोल कडं होतं आणि त्या कड्यात करडं शिसं दिसत होतं. दोष गोळीत नव्हता, माझ्या क्रिंपमध्ये, म्हणजे गोळी बसल्यावर पुंगळीचं तोंड मिटवण्यात होता. मी पुंगळीचं तोंड इतकं आवळत होतो की लेप कापला जात होता आणि गोळी दबून बारीक होत होती. बारीक झालेली गोळी नळीत नीट बसत नाही, गरम वायू तिच्या कडेने पुढे निसटतात आणि उघड्या शिशाला खरवडून नेतात.

म्हणून प्रेस लावलात की पावडर न घालता, प्रायमर न बसवता पाच डमी काडतुसं बनवा आणि गोळ्या काढून पाहा. लेपावर क्रिंपची पुसट रेघ उमटली तर हरकत नाही. नखाला खाच लागली तर क्रिंप सैल करा. 9 मिमीत क्रिंपचं काम गोळी आवळण्याचं नसतंच. गोळी धरून ठेवते ती पुंगळीची भिंत, क्रिंपने फक्त गोळी आत जावी म्हणून आधी फाकवलेलं तोंड परत सरळ करायचं. तोंडापाशी मोजलं तर .378 ते .380 इंच पुरेसं होतं. आणि ते फाकवणं कोटेड गोळीला जॅकेटवाल्या, म्हणजे तांब्याचं आवरण असलेल्या गोळीपेक्षा थोडं जास्त लागतं. तोंड अरुंद राहिलं तर गोळी आत ढकलताना कड लेपाचा छिलका काढते, आणि तो बारीक निळा छिलका तुम्हाला सीटिंग डायमध्ये, म्हणजे गोळी बसवणाऱ्या साच्यात साठलेला सापडेल. तोंडाला पायरीसारखा आकार देणारा एक्स्पांडर मिळतो, तो जरूर घ्या. महाग नाही आणि त्याने निम्म्या तक्रारी संपतात.

क्रिंप सैल केलं की गोळी आत सरकेल का, अशी शंका येईल. तयार काडतुसाची लांबी मोजा, गोळीचं टोक बाकाच्या कडेवर ठेवून अंगठ्याने जोर लावा, पुन्हा मोजा. लांबी कमी झाली नाही तर पकड चांगली आहे. कमी झाली तर क्रिंप आवळू नका, एक्स्पांडर कमी खोल घाला.

व्यासाचं. जॅकेटची 9 मिमी गोळी .355 इंचाची असते, कोटेड बहुधा .356 ची. तो एक हजारांश इंच मुद्दाम ठेवलेला असतो. शिसं नळीतल्या पिळाच्या खाचांत घट्ट भरलं पाहिजे, तरच वायू अडतो. मला जमेल तेव्हा मी नळी मोजतोच: मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून लाकडी काठीने ठोकून पार करायचा आणि त्यावर उमटलेला मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा. कॅलिपरवर या कामात विसंबू नका. गोळी या मापापेक्षा एक हजारांश मोठी असावी. ग्लॉक पिस्तुलाच्या जुन्या पिढ्यांतल्या आतून बहुभुजी नळ्या असतील तर जास्त सावध राहायचं, कंपनी त्यांत उघडं शिसं वापरू नका म्हणते. तुमच्या सीझेडमध्ये नेहमीचं रायफलिंग, म्हणजे पिळाच्या खाचा आहेत, ती चिंता नाही.

सीझेडची अडचण वेगळी आहे. तिच्या नळीत चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढे रायफलिंग फार लवकर सुरू होतं. दुसऱ्याच्या ग्लॉकमध्ये सुरळीत चालणारं काडतूस शॅडोत अडकतं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण बंद होत नाही, आणि सामन्यात ते सोडवताना दहा सेकंद जातात. म्हणून दुसऱ्याच्या काडतुसाची लांबी तशीच उचलू नका. नळी पिस्तुलातून काढा, तोंड खाली धरा, डमी काडतूस तिच्यात सोडा. 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा, बोटाने फिरवलं तर काडतूस मोकळं फिरायला हवं, नळी उलटी केली की आपोआप पडायला हवं. फिरताना अडलं तर गोळीवर काळ्या मार्करने रंग द्या आणि पुन्हा घालून बघा. ओरखडा गोळीच्या खांद्यावर दिसला तर रायफलिंगला टेकतेय, गोळी थोडी खोल बसवा. ओरखडा पुंगळीच्या तोंडाशी असेल तर तोंड पुरतं सरळ झालेलं नाही. मोकळी फिरायला लागली की त्याहून अजून पंधरा हजारांश इंच कमी करा, कारण ओतीव गोळ्यांचा आकार एका साच्यातून दुसऱ्यात थोडा बदलतो.

पण लांबी कमी करणं फुकट नसतं. गोळी खोल गेली की पावडरीला जागा कमी उरते, आणि पिस्तुलाच्या जलद जळणाऱ्या पावडरीत जागा थोडी कमी झाली तरी दाब बराच चढतो. 9 मिमीची सामीने, म्हणजे अमेरिकेतल्या दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने, ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा 35,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे आणि जलद पावडर तिथे हलक्या गोळीबाराच्या अनुभवातही पोचू शकते, हाताला काही कळत नाही. पावडरीच्या मापांच्या पुस्तकातली लांबी तुमच्या लांबीहून जास्त असेल, तर पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापाहूनही खालून सुरू करा. इथे मी पावडरीचं माप देत नाही, ते जाणूनबुजून. माझं माप माझ्या नळीचं, माझ्या लांबीचं आणि माझ्या गोळीचं आहे. पावडर बनवणारी कंपनी आपलं माप छापते, ते उघडा. कोटेड गोळीचं नसेल तर त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचं माप धरा, जॅकेटचं नको. लेपाची गोळी नळीतून सहज सरकते आणि त्याच वेगासाठी तिला पावडर कमी लागते.

124 की 147? आधी हिशेब. पॉवर फॅक्टर हा सामन्यात काडतुसाचा जोर मोजायचा आकडा, म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले 1000. कॅरी ऑप्टिक्समध्ये सगळ्यांचे गुण मायनर, म्हणजे कमी जोराच्या वर्गाप्रमाणेच मोजले जातात, तेव्हा तुम्हाला 125 च्या वर राहायचं आहे. जोरदार भरून काही फायदा नाही. मी 130 च्या आसपास थांबतो. 124 ची गोळी 1050 वेगाने गेली तर 130.2 येतं, 147 ची 890 ने गेली तर 130.8. कागदावर दोन्ही सारखेच.

हाताला मात्र वेगळं लागतं. 147 ला धक्का कमी आणि लांबट जाणवतो, स्लाइड सावकाश येते-जाते, हलक्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलात हा फरक खरोखर मोठा असतो. पण तुमचं शॅडो 2 रिकामंच सव्वा किलोहून जड आहे. त्या वजनाने धक्का आधीच गिळलेला आहे, तेव्हा 147 मधून तुम्हाला मिळेल तो फायदा थोडा, आणि अडचणी पूर्ण. ती गोळी लांब असते, पुंगळीत खोल जाते, आणि पुंगळीची भिंत तळाकडे जाड होत जाते. काही शिक्क्यांच्या, म्हणजे काही कंपन्यांच्या, पुंगळ्यांत 147 चा तळ त्या जाड भागात दाबला जातो, पुंगळी मध्यावर फुगते, गोळीचा तळ बारीक होतो, आणि परत शिशाच्या पापुद्र्या. मैदानावरून वेचलेल्या मिसळीच्या पुंगळ्या वापरणार असाल तर हे हमखास भेटेल. पहिले दोन-तीन हजार तुम्ही 124 किंवा 125 वरच काढा. नाक आखूड किंवा निमुळतं कापलेलं असेल अशी निवडा, सीझेडच्या आखूड जागेत ती बरी बसते. हात बसला की मग 147 ची छोटी खोकी आणून बघा, आवडली तर त्यावर जा. मी स्वतः 147 वापरतो, पण माझ्याकडे एकाच शिक्क्याच्या निवडून ठेवलेल्या पुंगळ्या आहेत आणि त्या निवडायला वेळ जातो.

पुंगळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक बघून ठेवा: आतून पायरी असलेल्या पुंगळ्या. टॉर्चने आत पाहिलं की भिंतीवर कडं दिसतं. त्यांत जागा कमी असते, शिवाय त्या पायरीपाशी पुंगळी फाटायची भीती असते. सरळ भंगारात टाका. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती चेपलेलं कडं असतं, ते स्वेज करून, म्हणजे दाबून मागे सारून, काढल्याशिवाय नवा प्रायमर बसवायला जाऊ नका.

आता पावडर, आणि इथे माझं मत ठाम आहे. टाइटग्रुप वाईट नाही. स्वस्त पडते, कारण अगदी थोडी लागते, माप सारखं पडतं, आणि हजारो लोक ती वापरतात. पण कोटेड गोळीसाठी, आणि त्यातही नवख्याच्या प्रेसवर, मी ती घेऊ नका म्हणेन. दोन कारणं. तिच्यात नायट्रोग्लिसरीनचं प्रमाण भरपूर आहे आणि ती फार गरम जळते. गोळीच्या तळाचा लेप करपतो, बंदिस्त रेंजवर पाचव्या-सहाव्या गोळीनंतर डॉटसमोर धुराची जाळी दिसते, आणि काच काळी पडत जाते. दुसरं कारण जास्त गंभीर. ती इतकी कमी जागा घेते की 9 मिमीच्या पुंगळीत चुकून दोन वेळा पडली तरी मावते. वरून गोळी बसते, काडतूस बाकीच्यांसारखंच दिसतं, आणि फुटेल तेव्हा तुमचा चेहरा पिस्तुलापासून दोन फुटांवर असेल.

पावडर निवडताना मी म्हणूनच आधी बघतो ती फुगीर आहे का. फिनलंडच्या विहतावुओरीची एन320 अशी आहे. एका मापाने पुंगळी साधारण अर्धी भरते, दुसरं पडलं तर काठापर्यंत येते किंवा सांडते, आणि गोळी ठेवायच्या आधीच डोळ्याला दिसतं. ती नायट्रोग्लिसरीनशिवायची, सिंगल-बेस पावडर आहे, म्हणून मंद आचेवर जळल्यासारखी जळते, धूर कमी, पिस्तूल स्वच्छ राहतं. दोष म्हणजे किंमत. अलायंटची स्पोर्ट पिस्टल तर पॉलिमर लेपाच्या गोळ्या डोळ्यासमोर ठेवूनच काढलेली आहे, बहुधा एन320 पेक्षा स्वस्त मिळते, आणि लेपाला चांगली वागवते. यातली जी तुमच्या दुकानात सातत्याने मिळते ती घ्या. किमतीचा फरक एका काडतुसामागे अगदी थोडा निघतो. गोळी आणि प्रायमर यांचा खर्च त्यापुढे कितीतरी मोठा असतो, तेव्हा पावडरीत काटकसर करू नका.

प्रेसला एक छोटा दिवा लावा, पुंगळीच्या आत सरळ प्रकाश पडेल असा, आणि गोळी ठेवताना प्रत्येक पुंगळीत बघा. प्रत्येक. शंभराव्या वेळी कंटाळा येतो, तेव्हा उठून चहा करा, पण न बघता गोळी ठेवू नका. प्रेसचा दांडा अर्ध्यात अडला, की त्या वेळी प्लेटवर असलेल्या सगळ्या पुंगळ्या काढून रिकाम्या करा. दुहेरी माप आणि पावडरीशिवायचं काडतूस, दोन्ही बहुतेक वेळा अशा अडलेल्या क्षणीच तयार होतात. पावडरीशिवायचं काडतूस उडालं तर फक्त 'पुक्' असा दबका आवाज येतो आणि गोळी नळीत अडकते. सामन्यात हात थांबवायचाच, मागून कुणी ओरडण्याची वाट बघायची नाही. तिच्या मागे दुसरी गोळी गेली तर नळी फुगते किंवा फाटते.

गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ विकत घ्या, मित्राचा मागू नका, कारण तो हवा त्या दिवशी मिळत नाही. मोठ्या सामन्यात तुमची काडतुसं घेऊन जातात, एक गोळी काढून वजन करतात आणि उरलेल्यांतल्या काहींचा वेग मोजतात. दशांश धरत नाहीत. 147 ची गोळी 850 ने गेली तर 124.95 येतं, म्हणजे तुम्ही नापास. खेळू देतात, गुण मिळत नाहीत. शिवाय तिथे खोक्यावरचं वजन बघत नाहीत, काट्यावरचं बघतात. ओतीव गोळी एक-दोन ग्रेनने इकडेतिकडे असते. 147 लिहिलेल्या गोळीचं वजन 145 भरलं आणि वेग 860 असला, तर तुमच्या वहीतले 126.4 तिथे 124.7 होतात. नवी खोकी उघडली की वीस गोळ्या तोला. मोजमाप ऑगस्टमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा करा, टेक्सासच्या उन्हात आणि थंडीत वेग सारखा राहत नाही. काडतुसाचा डबा गाडीत उन्हात ठेवून मग मोजलात तर आकडे फसवतील.

शिशाबद्दल. लेपाने शिसं झाकलं तरी प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतंच, आणि पुंगळ्या घासणाऱ्या टंबलरच्या भुशात त्याची धूळ जमते. भुसा बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून बदला. काम झालं की थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा, जेवणाआधी तर नक्कीच, आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्या. घरात लहान मूल असेल तर गॅरेजचे कपडे वेगळे ठेवा. पावडर मूळ डब्यातच ठेवायची. इथली अग्निसुरक्षेची एनएफपीए 495 संहिता घरात मूळ डब्यांतली 20 पौंडांपर्यंत पावडर आणि 10,000 प्रायमरपर्यंत धरते, तरी तुमच्या शहराचे नियम वेगळे असू शकतात, ते फायर मार्शलला विचारा. आणि बाकावर एका वेळी एकच पावडर असू द्या. दोन डब्यांची अदलाबदल डोळ्याला कळत नाही, सगळ्या काळ्या-करड्याच दिसतात.

खरेदी आत्ताच दहा हजारांची करू नका. दोन कंपन्यांच्या 125 च्या नमुन्याच्या गोळ्या, प्रत्येकी शंभर-दोनशे, आणि एक पौंड पावडर मागवा. आधी डमी, मग गोळ्या काढून लेप, मग नळीत टक्. त्यानंतर छापील सुरुवातीच्या मापावर दहा काडतुसं, पुढची दहा एक-दशांश ग्रेन वर, अशा चार पायऱ्या, प्रत्येकीचा वेग वहीत. त्यात शॅडो 2 जिला पंचवीस यार्डांवर सगळ्यात जवळजवळ गोळ्या बसवतं आणि स्लाइड प्रत्येक वेळी जिच्यावर पूर्ण मागे जाते, ती पायरी लिहून ठेवा आणि गोळीचं वजन, लांबी, वेग असे तिन्ही आकडे मला कळवा. त्यावरून पुढचा हजार कसा भरायचा ते बसून ठरवू.